न विचारता बंद

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात गेटपासवर मालक मारुतीरावांची सही असल्याशिवाय चहालाही बाहेर पडता यायचं नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या हेमाने १९९४पासून तीन वर्षं हा जाच मुकाट सोसला. पण माणसांना असं दावणीला बांधणाऱ्या मारुतीरावांनी स्वतःचं मशीन मात्र मोकाट सोडावं, याने तिचं डोकं फिरलं.

मशीन हातात मावणारं, बॅटरीवरचं, शीतगृहातलं तापमान मोजून नोंद ठेवणारं. त्यातला प्रत्येक भाग चालवायला एकेक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर. ते लिहिणाऱ्या हेमाने शिस्त घालून दिली होती: काम संपलं तरी स्क्रीनच्या ड्रायव्हरने परस्पर वीज तोडायची नाही, मुख्य प्रोग्रामला विनंती करायची. तो बाकीच्यांना विचारणार, आणि सगळे मोकळे असतील तरच वीज जाणार. या विचारपुशीत बॅटरी उगाच खर्च होते, असं मारुतीरावांच्या डोक्यात बसलं. हेमा रजेवर असताना त्यांनी ती काढायला लावली. आता आकडा दिसला की मशीन खटकन बंद. त्याच विजेवर मेमरी नोंद लिहीत असायची, ती बिचारी अर्ध्यावरच मरायची.

माजिवड्याच्या एका शीतगृहात तपासणी झाली, तेव्हा तापमान नोंदवत फिरणाऱ्या नाथाच्या निम्म्या फेऱ्या मशीनमध्ये सापडल्याच नाहीत. बावीस वर्षं इमानाने फेऱ्या मारणाऱ्या माणसावर कामचुकारपणाची चौकशी बसली.

"मशीन ठीक आहे, वापरणाऱ्याची चूक, असा रिपोर्ट दे," मारुतीराव म्हणाले.

"चूक आपली आहे सर. मी दाखवते ना तुम्हाला."

"पगार कोण देतं तुला?"

हेमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं पाप झाकायला गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा, आणि वर सही तिची हवी! तिने गेटपास भरला. कारण: नाथाच्या चौकशीत साक्ष.

मारुतीरावांनी तो परत सरकवला. "सही मिळणार नाही. गेलीस तर परत येऊ नकोस."

"तुमच्या ड्रायव्हरपेक्षा मी बरी, सर. विचारलं तरी."

बिनसहीचा गेटपास वॉचमनच्या हातात ठेवून तिने रिक्षा पकडली. चौकशीत तिने सगळ्यांसमोर तेच मशीन दहादा चालवलं. आकडा दहाही वेळा दिसला, नोंदी सापडल्या चार.

नाथाची नोकरी वाचली. हेमाची गेली. आणि ते मशीन मारुतीराव पुढे दोन वर्षं तसंच विकत राहिले.