पहिल्या पातळीचा मंत्र

मला नियम मोडलेला खपत नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. घनसावंगीत माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून घेतो आणि मागच्या खोलीत आम्ही चार मित्र एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतले लढवय्ये, चोर, जादूगार होतात, आणि कुणाचा डाव जमला, कुणाचा फसला ते फासे ठरवतात. गोष्ट रचणारा आणि न्यायनिवाडा करणारा मी. हॉस्टेलवर लागलेलं हे वेड पन्नाशी जवळ आली तरी सुटलेलं नाही. बायको म्हणते, पोरं मोबाईलवर खेळतात, तुम्ही टेबलावर, फरक काय? फरक आहे, पण तो समजावताना आमचं भांडण होतं, म्हणून आता मी गप्प बसतो.

आमची नियमपुस्तकं जुनी, इंग्रजी, झेरॉक्स काढलेली. नव्या आवृत्त्यांत जादूगार येता-जाता मंत्र फेकतात. जुन्या खेळात तसा फुकटचा कारभार नाही. जादूगारानं रोज सकाळी पोथी उघडून मोजके मंत्र पाठ करायचे, आणि एक वापरला की तो डोक्यातून पुसला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठांतर. मला ही शिस्त इतकी आवडायची की मी वर माझा एक नियम घातला होता: जादूगार झालेल्यानं मंत्राचे शब्द खरोखर तोंडपाठ म्हणायचे. कागद बघितला किंवा अडखळला, तर मंत्र वाया. आमचा जादूगार म्हणजे मेडिकल दुकानवाला मित्र. तो मला शिव्या घालायचा, पण पाठ करायचा.

हे सगळे मंत्र मी मराठीत आणत होतो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक मंत्र लिहायचो: नाव, पातळी, पल्ला, टिकाव, साहित्य, परिणाम. झोपेचा, उजेडाचा, कुलूप उघडायचा. पातळीप्रमाणे, म्हणजे पहिल्या पातळीचे साधे मंत्र आधी आणि वरच्या पातळ्यांचे जबर मंत्र मागे, असे लावून पेढ्याच्या डब्यात ठेवायचो. हे रकाने भरताना जो आनंद व्हायचा तो दुकानाच्या गल्ल्यानं कधी दिला नाही. अडचण एकच होती. मंत्रांचे शब्द मीच जुळवायचो आणि ते खताच्या जाहिरातीसारखे वाटायचे. मित्र म्हणाला, "हे म्हणून विंचू तर सोड, डाससुद्धा मरणार न्हाई." मला ते फार लागलं, आणि त्याच वेळी काका आठवले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. गोदावरीच्या काठाला आमचं गाव आहे, तिथे ते राहतात. ते विंचू उतरवायचे. विंचू चावलेल्याचा हात हातात घ्यायचे, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचे आणि थोड्या वेळानं माणूस म्हणायचा, उतरलं. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. विंचू चावला तर तडक दवाखाना गाठावा, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पण काकांकडे जे शब्द होते ते खरे होते, म्हणजे कुणीतरी दुकानात बसून जुळवलेले नव्हते, आणि माझ्या डब्याला तसे शब्द हवे होते.

मी गावी गेलो आणि ओट्यावर बसून माझ्या रकान्यांप्रमाणे विचारायला लागलो. किती लांबून चालतो?

"जिथवर माझा हात पोचंल तिथवर," काका म्हणाले.

"टिकतो किती?"

"मानूस झोपंस्तवर. झोप लागली की मंग त्याचं काम संपलं."

"साहित्य काय लागतं?"

"काही न्हाई. वाईच पानी. तेबी मलाच प्यायाला, घसा सुकतो."

मला वाटलं ते टाळतील. उलट त्यांचा चेहरा खुलत गेला. त्यांच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, पुण्याला जायच्या आधीच 'हे बिलकुल जमणार न्हाई' म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर मी पहिलाच विचारणारा, तोही इतकं बारीक. काकांनी विचारलं, "तुला खरंच पाह्यजे का?" मी म्हणालो, "पाहिजे काका, म्हणून तर आलो." यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच आता ते जास्त टोचतं.

मंत्र ग्रहणात द्यायचा असतो. त्या साली दिवाळीच्या सुमारास मावळतीला सूर्यग्रहण होतं. काकांनी मला नदीत गुडघाभर पाण्यात उभं केलं, कानात शब्द सांगितले आणि माझ्याकडून म्हणवून घेतले. दर ग्रहणात पाण्यात उभं राहून मंत्र जागवावा लागतो, नाहीतर तो मरतो, असंही म्हणाले. हे तर थेट आमच्या नियमपुस्तकासारखं होतं! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो.

"आता नीट ऐक," काका म्हणाले. "कुनी बोलीवलं की जायाचं. जेवत असला तर ताट सोडून जायाचं. पैसा घ्यायचा न्हाई. आन एकदा दिला की मंत्र माझ्याकडं ऱ्हात न्हाई, तवा माझ्या भरवश्यावर ऱ्हाऊ नको. राह्यला का ध्यानात?"

"राहिला," मी म्हणालो. ते मंत्राबद्दल विचारत होते की या बोलण्याबद्दल, याचा विचारही मी केला नाही. गाडीत बसल्या बसल्या खिशातली पत्रिका काढून विसरायच्या आत शब्द लिहून घेतले. जागा उरली होती म्हणून 'अटी' असा नवा रकाना पाडला आणि काकांचं बोलणं त्यात बसवलं. आणि वर, जिथे पातळी लिहितात तिथे, लिहिलं: पहिली. एका माणसाचंच विष उतरतं म्हणून पहिली. नियमानं ते बरोबर होतं.

पुढच्याच रविवारी मी गोष्टीत बैलाएवढा विंचू आणला. मित्रानं मंत्र पाठ करून ठेवला होता. तो उभा राहिला, डोळे मिटले आणि नाकातून आवाज काढत, मांत्रिकाच्या थाटात, ते शब्द म्हणाला. आम्ही हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. मीही हसलो, हे लिहिलंच पाहिजे. मग फासा पडला, विष उतरलं, आणि मी पत्रिका पालथी करून डब्यात टाकली.

इकडे काकांनी गावात सांगून टाकलं होतं. हे मला कळलं ते एक म्हातारी दुकानात आली तेव्हा. बाहेर तिची सून रिक्षात हात धरून रडत होती. म्हातारी म्हणाली, "तुमच्या काकाकडं गेल्तो. ते म्हनले, आता माझ्याकडं न्हाई, पुतन्याकडं हाय. जल्दी करा भाऊ."

मी त्या दोघींना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. सून संध्याकाळपर्यंत बरी झाली. मी योग्य तेच केलं आणि पुन्हा तेच करीन. पण काकांचा फोन आला, त्यांनी इतकंच विचारलं, "मंत्र म्हनलास ना?" मी म्हणालो, "म्हणलो." मग काका म्हणाले, "बराबर. आता मी मोकळा झालो."

तेव्हापासून ते मजेत असायचे. पारावर बसून माझी तारीफ करायचे: दवाखान्यातबी नेतो आन मंत्रबी म्हनतो, दोन्ही हातानं करून राह्यलाय. लोक माझ्याकडे यायचे, मी दवाखान्यात पोचवायचो, आणि शाबासकी त्या मंत्राला मिळायची जो पेढ्याच्या डब्यात झोपेच्या आणि उजेडाच्या मंत्रांमध्ये पडून होता. खरं सांगून टाकावं असं अनेकदा वाटलं. पण तो मोकळा झालेला चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही. काकांना जपतोय, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मी मलाच जपत होतो.

यंदा सोयाबीनच्या काढणीत, ढीग उचलताना, काकांच्याच बोटाला विंचू चावला. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काका खाटेवर बसले होते, चेहरा घामानं थबथबलेला. मी म्हणालो, "चला, गाडी आणलीय."

"चलू की," काका म्हणाले. "आदी म्हन." आणि हात पुढे केला.

मी तो हात हातात घेतला. माणसं जवळ सरकली. आणि माझ्या डोक्यात एक शब्द नव्हता. एकसुद्धा नाही. जो माणूस अडखळलेल्या मित्राचा मंत्र वाया घालवतो, त्यानं हा मंत्र नदीतून बाहेर आल्यापासून एकदाही म्हटला नव्हता. ओठ तर हलायला हवे होते. मग जे आठवलं ते पुटपुटलो: पल्ला स्पर्श, टिकाव झोप लागेपर्यंत, साहित्य थोडं पाणी. पुन्हा तेच. पल्ला स्पर्श, टिकाव झोप लागेपर्यंत.

काकांचं डोकं माझ्या डोक्याजवळ होतं. त्यांचा श्वास एकदम थांबला, तेव्हा मला कळलं की त्यांना ऐकू आलंय. मी मान वर केली नाही. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उतरलं. बघा, उतरलं."

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. काका स्वतः चालत गाडीपर्यंत आले, अंगणाकडे वळून हसलेसुद्धा. गाडी गावाबाहेर आली तसे त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तो हात दुसऱ्या हातानं छातीशी गच्च धरला. दवाखाना येईपर्यंत तो सोडला नाही.

डॉक्टरांनी त्यांना आतल्या पलंगावर निजवलं आणि विचारलं, "आजोबा, दुखतंय का?" काकांनी आधी माझ्याकडे बघितलं.

"तू जरा भाईर थांब," ते म्हणाले.

मी बाहेर आलो, दार लोटलं, आणि मग ते कण्हायला लागले. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर येत होतं. मी दाराशी उभा राहून मित्राला फोन लावला. मंत्र आठवतोय का, एवढंच विचारलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं नाकातून तोच आवाज काढला आणि सगळा मंत्र न अडखळता म्हणून दाखवला, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. मग हसत म्हणाला, "घे, नियमाप्रमाणं पाठ हाय की न्हाई?"

"आहे," मी म्हणालो. "पुन्हा म्हण. सावकाश म्हण, आणि तो आवाज काढू नकोस."