लग्नाचा अर्ज अजून शिकवलेला नाही

आमच्या शाळेत सगळंच कमी पडतं. खडू कमी, बाकं कमी, मास्तर तर विचारूच नका. किस्से मात्र एकदाही कमी पडले नाहीत! धारहून तिरल्याच्या पुढच्या या गावात येऊन मला गणित शिकवायला तेवीस वर्षं झाली. देवासला माहेरी गेले की वहिनी चहाचं आधण ठेवायच्या आधी विचारते, "काय झालं या वेळी?" मी पडले तोंडाळ. सुरू झाले की थांबत नाही. तुम्हीही मधे टोकू नका.

आधी दोन माणसांची ओळख करून देते. एक आमचे प्रधानपाठक वर्मा सर. हिंदीही तेच शिकवतात. पक्के माळव्याचे, वाक्यागणिक "भिया", म्हणजे भैया. मी बाई आहे म्हणून मला सूट नाही, मीसुद्धा भियाच!

दुसरी रीना जाधव, आठवीतली. घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी लिहिते आणि दिसेल ती वस्तू मोजते. आमची शाळा आठवीपर्यंतच, पुढची तिरल्याला. रीनाच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, "आठवी झाली की बास." वर्गातली सगळ्यात हुशार पोर घरी बसणार, हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

असो. किस्से.

*

वर्मा सरांचा नियम असा की गैरहजर राहिलात तर अर्ज आणायचा. अर्ज नाही तर वर्गात पाय नाही. त्यासाठी त्यांनी एक नमुना फळ्यावर लिहून दिला होता, "सविनय निवेदन है कि मुझे कल शाम से बुखार है." पोरांनी तो घोटून घोटून पाठ केला.

एकदा सातवीतला गोलू तीन दिवसांनी उगवला. नवा शर्ट, गालाला अजून हळद, खिशातून बालूशाहीचा पाक गळतोय. हातात अर्ज, बुखारवाला.

सर म्हणाले, "क्यों भिया, बुखार था?"

"नहीं सर, दीदी की शादी थी."

"तो फिर बुखार क्यों लिखा?"

गोलू कळवळून म्हणाला, "सर, शादी वाला आवेदन तो आपने अभी सिखाया ही नहीं!"

सरांनी दोन क्षण छताकडे पाहिलं आणि अर्जावर 'स्वीकृत' लिहून सही केली. करतात काय बिचारे!

*

हसू नका पोरांना. आम्ही काही वेगळे नाही.

देवासला ट्रेनिंग होतं. धारचे, कन्नौदचे, कुठकुठचे मास्तर गोळा झालेले. शिकवायला एक तरुण मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. तिने कोरे कागद वाटले आणि म्हणाली, "आठवी संपेपर्यंत मुलांना लेखनात आणि गणितात काय यायला हवं? मनमोकळं लिहा. कुठलाही साचा नको."

पाच मिनिटांनी कागद गोळा झाले. ती एकेक वाचायला लागली आणि तिचा चेहरा उतरत गेला. जवळजवळ प्रत्येकाने सुरुवात केली होती, "सेवा में, श्रीमती प्रशिक्षक महोदया. विषय, बच्चों को क्या आना चाहिए. सविनय निवेदन है..." हात आपोआप तसाच चालतो हो! मीसुद्धा तेच लिहिलं होतं, लपवून काय उपयोग? कन्नौदच्या एका मास्तरांनी तर शेवटी लिहिलं होतं, "अतः निवेदन है कि बच्चों को गणित आने की कृपा करें."

मुलगी हताश होऊन म्हणाली, "सर, यातलं तुमचं स्वतःचं असं एक तरी वाक्य दाखवा."

मागून आवाज आला, "तारीख, मैडम!"

*

त्याच संध्याकाळी मी आत्याकडे गेले. आत्या नव्वदीला टेकलेली, पण अजून ताठ. तिच्यासमोर मी ट्रेनिंगची फुशारकी मारायला लागले, मुलांना टक्केवारी आली पाहिजे, आलेख आले पाहिजेत, हे न् ते. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

मग म्हणाली, "बये, औटकी येते का तुला?"

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तिच्या लहानपणी मुलांना पाव, पाऊण, सव्वा, दीड, सगळ्यांचे पाढे असत. मला कुठून येणार?

"औट साते?" तिने विचारलं. मी मोबाईल काढायला पर्समध्ये हात घातला तोवर तिचं "साडेचोवीस" म्हणून झालंसुद्धा!

वर म्हणते कशी, "मास्तरीण तू, आणि आकडे त्या डबीत ठेवतेस?"

*

आत्याचं ते बोलणं मला फार लागलं. सोमवारी शाळेत गेले आणि जाहीर केलं, आज क्षेत्रफळ फळ्यावर नाही, शेतात! टेप घेतली, आठवीचा वर्ग घेतला आणि शाळेमागच्या शेतात शिरले.

दहा मिनिटं झाली नसतील, बांधावरून एक म्हातारबाबा धोतर सावरत धावत आले. दुसऱ्या बाजूने त्यांचा धाकटा भाऊ, काखेत जमिनीचे कागद. दोघांचं बांधावरून इतकं बिनसलेलं की कित्येक वर्षांत एकमेकांशी शब्द नाही. टेप दिसली आणि दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने गुपचूप पटवारी आणून मोजणी लावली!

मी ओरडून सांगतेय, "बाबा, मैं मास्टरनी हूँ! ये आयत का क्षेत्रफल है!" पण ऐकतो कोण? दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून आमच्या अंगावर आले. पोरं पळाली, त्यांच्यामागे मी पळाले, चप्पल राहिली तिथेच. शाळेच्या फाटकात वर्मा सर हसून हसून खाली बसायच्या बेतात होते. "भिया, आपने तो दोनों का बोलना चालू करवा दिया!"

वर्गात येऊन मोजलं तर एक पोर कमी. रीना!

पाच मिनिटांनी ती आली सावकाश. एका हातात माझी चप्पल, दुसऱ्या हातात टेप. "मॅडम, तिसरी बाजू राहिली होती. दोन्ही बाबांनी टेप धरली. पण चारही बाजू वेगळ्या आहेत हो, ते आयत नाहीच."

*

आता तिच्या वडिलांचं ऐका. जाधव भाऊ पीथमपूरला पुर्ज्यांच्या कारखान्यात चेकिंगला आहेत. दिवसभर पुर्जे मोजायचे आणि पास-नापास करायचं, हेच काम. पालकसभेला आले ते शिफ्टच्या बसमधून उतरून थेट, डोळे तारवटलेले. मी रीनाचा पेपर पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि पुर्जा पाहावा तसा तो पेपर उलटसुलट तपासला.

"मॅडम, या गणितात सगळं बरोबर आहे. शेवटी वजाबाकी तेवढी चुकलीय. आणि तुम्ही दिला भोपळा?"

"उत्तर चूक ते चूक, भाऊ."

"आमच्याकडे पुर्जे तीन ढिगांत जातात. ओके, रीवर्क आणि रिजेक्ट. थोडं घासून बसत असेल तर तो रीवर्क. तो फेकत नाहीत, दुरुस्त करून परत मागवतात. तुमच्याकडे मधला ढीगच नाही का?"

मुद्दा बिनतोड होता. पण गप्प बसेन तर ती मी कसली? मी म्हटलं, "मग पोरीला आठवीनंतर रिजेक्ट का करताय?"

त्यांचा चेहरा एकदम कसानुसा झाला. "ते वेगळं आहे, मॅडम. आधी सडकेपर्यंत पायी, मग टमटम. पोर एकटी, मी शिफ्टला. नाही जमणार. मी सगळं मोजून पाहिलंय."

"कधी मोजलंत?"

"मनात," ते म्हणाले.

रीना दाराशी उभी राहून ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, पण मीच घरी जाऊन रडले.

*

दुसऱ्या दिवशी रीना स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, पप्पांना आवेदन देता येतं? वो वाला तो सर ने सिखाया नहीं."

वर्मा सर उसळले, "अरे भिया, बाप को आवेदन कौन देता है?" मी म्हटलं, "लिही ग तू. मी बघते कोण अडवतं ते."

तिने लिहिलं. पहिल्या कागदावर सवयीने "मुझे कल शाम से बुखार है" आलंच, तो फाडला. दुसरा असा उतरला: "सेवा में, श्रीमान पिताजी. विषय, नौवीं में तिरला जाने की अनुमति हेतु." खाली तक्ता. घर ते सडक १५ मिनिटं, टमटम २० मिनिटं, उतरून शाळा ५ मिनिटं. परत यायची वेळ, घरी आजीला औषध द्यायची वेळ, सगळं मांडलेलं. शेवटी 'आज्ञाकारी' काही नाही. "आपकी पुत्री रीना, जिसने हिसाब दो बार जाँचा है."

अर्ज घरी गेला. सोमवार गेला, मंगळवार गेला, उत्तर नाही. माझं शिकवण्यात लक्ष लागेना.

बुधवारी सकाळी वर्मा सर आले ते हसतच. "भिया, जाधव का तो दिमाग चल गया! कल शाम सड़क पर बच्ची का गुलाबी बस्ता टाँगे, घड़ी देखता घूम रहा था. एक बार गया, लौटा, फिर गया. मैंने आवाज दी तो हाथ से चुप करा दिया, कि गिनती बिगड़ जाएगी!"

प्रार्थनेनंतर रीना माझ्या टेबलाशी आली, तोंड एवढंसं करून. "मॅडम, एक ठिकाणी चुकलं माझं." तिने अर्ज पुढे केला. खाली लाल पेनाने, कारखान्यातल्यासारख्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"घर से सड़क १५ मिनट गलत है. बस्ता टाँगकर दो बार चला, २२ लगे. सात मिनट पहले निकलना पड़ेगा. बारिश में नाला भरता है, वह जोड़ा नहीं. सुधारकर शाम तक लाओ.

रिजेक्ट नहीं. रीवर्क."