दुसऱ्या कुणाचा नारळ

देव आपलं ऐकत नाही, ही तक्रार मी जन्मभर केली. देवाने आपलं ऐकलं असेल तर, या भीतीने मात्र मला एकदाच घाम फुटला, आणि तोही सहलीला निघालेल्या गाडीत, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसलेली असताना.

मुलाने बोलावलं म्हणून मी बालाघाटला राहायला आले, तेव्हा या गावात माझं कुणी नव्हतं. सकाळी फिरताना विमल आणि गीता भेटल्या. विमल माझ्याच वयाची, पलीकडच्या गल्लीतली. गीता आमच्याहून लहान, स्वतः गाडी चालवणारी आणि निम्मं हिंदीत बोलणारी. साठीला मैत्रिणी मिळतात यावर माझा विश्वास नव्हता. त्या मिळाल्या, आणि सहा महिन्यांत विमलने सांगून टाकलं की घर बंद करून ती रायपूरला मुलीकडे कायमची चालली. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरगी बोलावून राह्यली." मला संताप आला. पोरगी बोलावते म्हणून कुणी असं उठून निघतं का? मी स्वतः तशीच उठून आले होते, ते तेव्हा आठवलं नाही.

त्या रागाच्या भरात मी वारासिवनीच्या रस्त्यावर मातामायच्या, म्हणजे तिथल्या गावदेवीच्या, थानाशी गेले. तिथल्या कडुलिंबाला लोक लाल फडक्यात नारळ बांधून मागणं मागतात आणि काम झालं की नारळ सोडून फोडतात. मीही बांधला. विमलचं जाणं अडू दे, एवढंच मागितलं. कसं अडावं, ते सांगायची गरज मला वाटली नाही.

महिन्याभराने विमलला निरोप द्यायचा म्हणून गीताने बेत आखला. शनिवारी रामपायलीला रामाचं दर्शन, रात्री तिरोडीला गीताच्या माहेरी मुक्काम, रविवारी परत आणि सोमवारी विमलची गाडी. बालाघाट मागे पडलं तशी विमल म्हणाली, "आता सांगाले हरकत नाही. पोरीले सातवा लागला. पयले दोनदा गेलं, म्हणून कोणापाशी तोंड उघडलं नाही. डॉक्टरनं पलंगावरून उठाले मना केलं. म्हणून जाऊन राह्यली मी."

गीताने आनंदाने दोनदा हॉर्न वाजवला. मला माझा नारळ आठवला. विमलचं जाणं आता कोणत्या एका गोष्टीने अडू शकतं, ते मला लख्ख दिसलं. तेवढ्यात विमलने मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. "झोपली असन," ती म्हणाली, पण फोन पर्समध्ये ठेवला नाही.

पुढची दहा-बारा किलोमीटर मी कशी बसले, माझं मला माहीत. खिडकी उघडली, बंद केली, डब्याचं झाकण काढलं, लावलं. शेवटी म्हणाले, "गीता, मातामायपाशी थांबव."

"दीदी, तबियत ठीक आहे ना?"

"थांबव म्हणलं ना."

झाडाखाली उभी राहिले आणि वर पाहिलं. शेकडो नारळ. सगळ्यांना तेच लाल फडकं, तीच गाठ. या फांदीवरून त्या फांदीखाली मी वेड्यासारखी फिरत होते. नारळ विकणारी म्हातारी बराच वेळ पाहत होती. "काय शोधून राह्यली, बाई?"

"माया नारळ. मले मागणं वापस घ्याचं हाय."

"आपला कोणाले सापडते? कोणताबी सोड. तुया कोणी तरी सोडन."

"पण ज्या बाईचा सोडला, तिचं काम झालं नसन तं?"

"ते पाहाले माय बसली हाय. तू काहून पाहतं?"

मागे विमल उभी होती. "कोणतं मागणं?" तिने विचारलं. लपवायला जागाच नव्हती. मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मले इथं ठेवाले नारळ बांधला?"

"हौ."

तिने थोबाडीत दिली असती तरी मी खाल्ली असती. तिने हातातला फोन कमरेला खोचला, दोन्ही हातांनी फांदी खाली ओढून धरली आणि म्हणाली, "सोड लवकर."

गाठ उन्हापावसाने कडक झालेली. माझी दोन नखं तुटली. तेव्हा डोळे मिटून मी मनात म्हणाले, माय, माझं ऐकू नको. तुला दिसतं ते कर. गाठ सुटली. एवढ्या ओढाताणीने सुटायचीच होती, असंही कुणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. नारळ दगडावर फोडला, आणि खोबरं आम्ही तिघींनी तिथेच खाल्लं.

रामपायलीला देवळाच्या पायऱ्या चढताना विमलचा फोन वाजला. "आई, चार्जिंगले लावाचाच राह्यला होता," मुलगी सांगत होती. विमल पायरीवर बसली आणि रडली. रडताना तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही.

रविवारी परतताना म्हातारीच्या पाया पडायला म्हणून उतरले. तिने मला ओळखलंही नाही. नारळ पुढे करून म्हणाली, "घे ना बाई, आजच आला." मी हात जोडून निघाले.

रायपूरला नात झाली. विमल रोज सकाळी माझ्या फिरण्याच्या वेळी फोन करते, तरी तिच्यावाचून रस्ता लांब वाटतो, हे खोटं कशाला बोलू. दिवा लावताना मी त्या अनोळखी बाईसाठी हात जोडते, जिचा नारळ मी सोडला. तिने काय मागितलं होतं ते ठाऊक नाही, म्हणून नेमकं काही मागता येत नाही. 'माय, तिचं बघ,' एवढंच म्हणते. आता विमलसाठी, मुलासाठी, स्वतःसाठीही तेवढंच म्हणते. माझा नारळ अजून तिथेच आहे की कुणी सोडला, ते पाहायला मी गेले नाही.