पडदे काळे झाले तेव्हा

माझा झाला तसा पचका वैऱ्याचाही होऊ नये. चहा घ्या, सांगते.

मी वैमानिक व्हायला निघालेली सोलापूरची पोरगी. शुक्रवार पेठेत आईनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं, आमची सुजाता विमान चालवणार. पण त्याआधी एक चाचणी होती. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये बसवतात आणि तुमचं लक्ष किती जागेवर आहे ते तपासतात.

परीक्षक बिराजदार सर. त्यांनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं म्हणे. म्हणे, कारण मी नुसती मान डोलवत होते. मनात उजळणी चाललेली, विमानातली वीज गेली तर काय करायचं. परीक्षा लक्षाची, आणि माझं लक्ष हे असं.

उड्डाण झकास झालं. आणि एकदम समोरचे सगळे पडदे काळे.

मागून सर शांतपणे म्हणाले, "उंची किती?"

आता सांगा, वीज गेलीय आणि हा माणूस उंची विचारतोय? मी दिसेल तो खटका दाबला आणि रेडिओवर 'मेडे, मेडे' अशी वाचवा-वाचवाची हाक सुरू केली.

"अगं, वेग किती होता तेवढं सांग की."

"सर, वीज गेलीय."

"गेली न्हाय. मी बंद केलीय."

"का हो सर?" मला रडूच फुटलं. मी काय वाकडं केलं होतं यांचं?

सरांनी कपाळाला हात लावला. "पोरी, मधीच पडदे बंद करतो आन विचारतो. आजूबाजूचं किती भान हाय ते कळतं. तेवढा वेळ विमान जाग्यावर थांबलेलं असतं. मघाशी सांगितलं की."

लई लाज वाटली. पण सरांनी पुन्हा संधी दिली. ठरवलं, आता आभाळ कोसळलं तरी शांत राहायचं. पुन्हा उडाले. उंची, वेग, दिशा, डावीकडचं दुसरं विमान, सगळं घोकत होते. पडदे काळे झाले. मी हात मांडीवर ठेवून हसले.

सर गप्प. मीही गप्प. कसलीशी घंटा वाजायला लागली. मला वाटलं, पेपर सुरू झाल्याची असेल. खुर्ची पुढं कलली. मी ताठ बसून. मग मोठा दणका बसला आणि सगळं थांबलं.

"पडलं विमान," सर म्हणाले.

"पण सर, तुम्ही विचारलंच नाही."

"काय विचारू? ह्या वेळी वीज गेल्याचाच सराव होता. तो बी उडायच्या आधी सांगितला होता. तू करत काय होतीस?"

"प्रश्नाची वाट बघत होते."

सरांनी गुणांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "बरं, विचारतो. दुसरं काय काम येतं का तुला?"

खरं सांगते, त्याही प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही.