हळू केलेला खेळ

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. डहाणू रोडच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा उजवा हात खुंटीवरच्या सदऱ्यासारखा लोंबू लागला. वाचाही अर्धी गेली. डाव्या हातात चमचा धरला की आमटी छातीवर सांडायची, आणि आई भरवायला पुढे झाली की ते मान फिरवायचे.

तो डावा हात सुधारला एका खेळामुळे. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. तलासरीच्या घरात मी लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करून द्यायचो, मराठी आणि गुजराती. त्यासाठी वापीहून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. त्यात विटा फोडायचा खेळ होता. वर विटांची भिंत, खाली सरकणारी फळी, मध्ये उसळणारा चेंडू. फळी हलवायला दोन बटणं पुरत. वडील रोज चारच्या चहानंतर बसत. वर्षभरात आमटी सांडायची थांबली. भिंत पूर्ण फुटली की ते आईला हाक मारून पडदा दाखवत.

चार वर्षांनी मला नव्या मशीनची हाव सुटली. दसऱ्याच्या मुहूर्तावर जुनं देऊन नवं आणलं. दुकानदाराने खेळ त्यात उतरवून दिला होता. आईने मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली दहा-बारा माणसं खोलीत जमली होती. उद्घाटन वडिलांच्या हातून करायची हुशारी माझीच.

ते इस्त्रीचा सदरा घालून बसले. बटण दाबलं, आणि कुणाला काही दिसायच्या आत चेंडू खाली पडला. दुसरा पडला. तिसराही. डाव संपला. खेळ जुन्या, मंद मशीनच्या बेताने लिहिलेला, नव्यावर तो उधळला होता. हे कळायला मला दोन दिवस लागले. शेजारी म्हणाले, "राहू द्या काका, आता आराम करायचा." वडील पडद्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

मशीनचा दोष आहे, हे मी नंतर सांगून पाहिलं. नवं मशीन वाईट कसं असेल? मी नुसती त्यांची समजूत घालतोय असं त्यांना वाटलं. त्या आठवड्यात आमटी पुन्हा सांडू लागली.

गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत दोन तास काढून मी वापीला गेलो. मंद मशीन कुणी मागतं का, म्हणून दुकानदार हसला. "दुनिया फास्ट मशीन मागे छे, ने तमे स्लो?" तरी त्याने एक छोटा प्रोग्राम दिला. तो मशीनला नसत्या कामात गुंतवून ठेवायचा, म्हणजे खेळ मंदावायचा. किती मंद, तो आकडा आपण घालायचा.

जुना वेग मला आठवेना. आठवत होता आईला. चार वर्षं तिने स्वयंपाकघरातून चेंडूचं टुक-टुक ऐकलं होतं. मी आकडा बदलत गेलो आणि ती भाकरी थापता थापता सांगत गेली, अजून घाई आहे, अजून. मग थांबून म्हणाली, "हां. हेच." वेग तंतोतंत जुना होता. कमी नाही, जास्त नाही.

वडिलांना आग्रह करून बसवलं. पहिला चेंडू त्यांनी अडवला, मग दुसरा, आणि बोटं आपोआप चालू लागली. अर्धी भिंत फुटली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिथे मी गप्प बसायचं होतं. पण केलेलं काम बोलून दाखवल्याशिवाय मला कधी चैन पडलं आहे? मी म्हणालो, "बघा बाबा, तुमच्यासाठी मुद्दाम हळू केलंय."

बोटं थांबली. चेंडू खाली पडला.

"माझ्या... साठी," ते म्हणाले. "हळू."

मी घाईघाईने सांगू लागलो, की हा जुनाच वेग आहे, आईला विचारा, तुमचा हात तेव्हाही एवढाच चालायचा. आईनेही सांगितलं. ते आमच्याकडे बघत राहिले, लहान मुलाला मुद्दाम जिंकू देणाऱ्या मोठ्यांकडे बघावं तसे. मग भिंतीला धरून उठले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी चमचा उचलला नाही. आईने घास पुढे केला आणि त्यांनी मान फिरवली नाही.