साडूंचा बचाव

माझ्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या ओमानमध्ये सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो साडूंनीच घाबरवून ठेवलेला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते, म्हणजे ज्या स्वभावाबद्दल इतरांना घरी बोलणी खावी लागतात त्या स्वभावाचा त्यांना पगार मिळत असे. आम्ही एकाच इमारतीत राहायचो, आम्ही चौथ्या मजल्यावर आणि ते पहिल्या. पहिल्याच मजल्यावर का, तर आग लागली तर उडी मारता येते. मग तळमजल्यावर का नाही, तर पाऊस झाला तर पाणी शिरतं. लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाय ठेवला नाही. आमच्याकडे जेवायला यायचे ते जिने चढून, दारात धापा टाकत उभे राहायचे आणि चपला काढायच्या आधी गॅस बंद आहे का ते विचारायचे. त्यांच्या गाडीच्या डिकीत दोन स्टेपन्या, दोरखंड, पाण्याची खोकी आणि एक शिट्टी असे. शिट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाडी बंद पडली, फोन बंद पडला आणि घसा बसला, तर काय करणार?" हे तिन्ही एकाच वेळी व्हायला माणसाचं नशीब किती वाईट लागेल याचा मी विचार करत राहिलो, आणि पुढच्या आठवड्यात सोहारच्या सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, गुपचूप एक शिट्टी घेऊन आलो. भीती संसर्गजन्य असते. ती मला साडूंकडून लागली.

अशा माणसाला अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचं वेड असावं हे ऐकून लोक हसतात. साडूंनी स्वतः उभ्या जन्मात चेंडू हातात धरला नाही, बोट मोडेल म्हणून. पण तरुणपणी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी सहा महिने अमेरिकेतल्या एका लहानशा गावात पाठवलं होतं. बाहेर बर्फ. बर्फावरून घसरून कंबर मोडण्याच्या धास्तीने साडू संध्याकाळी कुठे जातच नसत, आणि राहत्या जागेला लागून जे उबदार ठिकाण होतं ते म्हणजे तिथल्या कॉलेजची जिमखान्यासारखी मोठी इमारत. तिथे सामने चालत. साडू बाहेर पडायच्या दाराजवळची खुर्ची पकडून बसायचे. त्यांचं प्रेम बसलं ते बास्केट करणाऱ्या पोरांवर बसलं नाही, ते बसलं अडवणाऱ्यांवर. "हल्ला कुणीही करील हो साडू," ते मला सांगायचे, "धोका आधी दिसायला अक्कल लागते." भारतात परतले, ओमानला आले, केस गेले, पण त्या कॉलेजची लाल जर्सीवाली टीम सुटली नाही.

तिकडची रात्र म्हणजे आमची पहाट. सुट्टीच्या दिवशी पहाटे मशिदीतली माणसं घरी परतायच्या सुमाराला मी पहिल्या मजल्यावर हजर असे. मेव्हणी पोहे टाकायची. साडू सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसायचे आणि सामना सुरू झाला की त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणालाही वाटलं असतं की घरात कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय. टीम मागे असली तर साडू बरे असायचे. टीम पुढे गेली की त्यांचे हाल सुरू. "बारा पॉइंटची आघाडी," ते खोल आवाजात म्हणायचे, "हीच वाईट. आता पोरं निर्धास्त होणार." आणि पोरं खरोखर निर्धास्त व्हायची, हे त्यातलं दुःख. आपल्या खेळाडूला फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता चेंडू टाकायची संधी, मिळाला की साडू उठून स्वयंपाकघरात जायचे आणि तिथून "झालं का?" म्हणून विचारायचे. इतकी वर्षं एवढा खेळ पाहिलेल्या या माणसाने स्वतःच्या टीमचा एकही फ्री थ्रो डोळ्यांनी पाहिलेला नाही.

त्यांच्याशी वाद घालायचं धाडस एकटी मुक्ता करायची. मुक्ता ही त्यांची मुलगी, सोहारमध्येच जन्मलेली. तिचं मराठी जरा अडखळतं, पण मत अडखळत नाही. साडू मॅन-टू-मॅनचे कट्टर भक्त, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एक माणूस धरायचा आणि तो जाईल तिथे जायचं. मुक्ता झोनवाली, म्हणजे माणसाऐवजी प्रत्येकाने आपापली जागा सांभाळायची.

"पप्पा, झोन इज सो मच स्मार्टर. एनर्जी वाचते."

"आणि दोघांच्या मधून माणूस निसटला तर? जबाबदार कोण?"

"सगळे."

"सगळे जबाबदार म्हणजे कोणीच नाही. कारखान्यात आग लागते ती अशीच."

खरी ठिणगी पडायची ती मात्र निष्ठेवरून. पूर्वी कॉलेज बदललं तर खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. तो नियम गेला आणि पोरं दर वसंतात बिनदिक्कत या कॉलेजातून त्या कॉलेजात जाऊ लागली. साडूंच्या लेखी ही सरळसरळ बेइमानी होती. गेलेल्या पोराचं नावही ते घेत नसत, "तो तिकडे गेलेला" एवढंच म्हणायचे. मुक्ता म्हणायची, "कोच त्याला खेळवतच नव्हता, पप्पा. बेंचवर बसून लॉयल राहायचं का?" त्यावर साडू म्हणायचे, "राहायचं." आणि पोहे अर्धे टाकून उठायचे.

हे सगळं गमतीचं होतं तोवर होतं. गेल्या वर्षी साडूंच्या कारखान्यात म्हाताऱ्या मालकाच्या हातून कारभार मुलांकडे गेला आणि एकेक ओळखीचा चेहरा दिसेनासा झाला. आधी स्टोअरचे मल्याळी बाबू गेले, मग वेल्डिंगचे रत्नागिरीवाले. साडूंचा व्हिसा नूतनीकरणाला आला होता. एरवी महिनाभर आधी होणारं काम, पण या खेपेला ऑफिसात विचारलं की "इन्शाल्ला" एवढंच उत्तर मिळायचं. ज्यांनी इथे दिवस काढलेत त्यांना त्या शब्दाचे बारा सूर ओळखता येतात, आणि हा सूर बरा नव्हता. व्हिसा गेला तर बायकोचा आणि पोरीचाही जाणार, आणि मुक्ता बारावीत. ऐन वर्षात शाळा सोडून तिला कुठल्या गावी नेऊन बसवायचं? त्या दिवसांत साडूंची भीती बदलली. एरवी ते भीती बोलून दाखवायचे, आता गप्प असायचे. गॅस बंद आहे का, हे ते विचारेनासे झाले आणि मला मनापासून धडकी भरली.

आणि गंमत पाहा, वाट होती. डोंगरापलीकडे इब्रीजवळ एका नव्या सौर प्रकल्पावर सेफ्टीचा मुख्य म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं. पगार बरा, व्हिसा लगेच. उत्तर मात्र आठवड्यात हवं होतं. साडू उत्तरच देईनात. एका संध्याकाळी मेव्हणी वर आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत. रात्रभर जागे असतात आणि सकाळी म्हणतात, अर्बाबला विचारल्याशिवाय कसं जाऊ."

अर्बाब म्हणजे तो म्हातारा मालक. इथे पूर्वी मालकाचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय दुसरीकडे नोकरी धरता येत नसे. मालक नाही म्हणाला तर गाशा गुंडाळून दोन वर्षं देशाबाहेर. तो कायदा गेल्यालाही काही वर्षं झाली. मी खाली जाऊन साडूंना हे परोपरीने सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कायदा गेला हो. पण त्यांची हरकत असली तर?"

मुक्ता दारात उभी होती. ती एरवी वाद घालताना हसायची, त्या दिवशी हसली नाही. "पप्पा, कोच जेव्हा प्लेयरला काढतो ना, तेव्हा कोणी लॉयल्टी विचारत नाही. आणि मला ट्वेल्थ इथेच करायचीय. आय ॲम स्केअर्ड." घाबरणं हे त्या घरात एकट्या साडूंचं खातं होतं. पोरीने त्या दिवशी ते मागून घेतलं.

म्हाताऱ्याबद्दल साडूंना एवढं का वाटायचं हे मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वीच्या वादळात आमच्या भागात कमरेएवढं पाणी भरलं. मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो. दिवे गेलेले, पहिल्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यावर पाणी चढलेलं, आणि हा म्हातारा स्वतः पिकअप हाकत, शक्य तिथवर आणून, पुढे पाण्यातून चालत या तिघांना न्यायला आला होता. मुक्ताला त्याने पाठीवर घेतलं होतं. साडू ही गोष्ट कोणाला सांगत नसत, मला ती मेव्हणीने सांगितली.

शेवटी शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर मी त्यांना अर्बाबच्या शेतावर घेऊन गेलो. समुद्राकडच्या बाजूला खजुरीची बाग आणि त्यात पाहुण्यांची बसायची खोली. म्हातारा गादीवर टेकून बसला होता. हलवा आला, खजूर आले, आणि एक नोकर सुरई घेऊन कॉफी ओतायला उभा राहिला. इथली रीत सगळ्यांना माहीत आहे. लहानशा वाटीएवढा तो बिनकानाचा कप, त्याला फिंजान म्हणतात. तो रिकामा केला की पुन्हा भरला जातो. पुरे झालं असेल तर कप हातात जरासा हलवायचा. तो हलवल्याशिवाय ओतणारा थांबत नाही. मी दोन कप घेतले, हलवला, खाली ठेवला. साडूंनी कप हलवला नाही. पुरे म्हटलं की उठावं लागणार, उठण्याआधी बोलावं लागणार, आणि बोलायचं तेच तर तोंडातून निघत नव्हतं. तेव्हा ते पीत राहिले. शेतातल्या विहिरीबद्दल बोलणं झालं, एक कप. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांबद्दल झालं, दोन कप. मुक्ताच्या शाळेबद्दल म्हाताऱ्याने विचारलं आणि साडूंनी उत्तर देण्याऐवजी आणखी एक कप घेतला. कडू कॉफी ती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि मी शेजारी बसून मनात म्हणत होतो, बोला हो, नाहीतर इथेच तुम्हाला काहीतरी होईल. घाबरट माणसाच्या शेजारी बसून जी भीती वाटते ती त्याच्या भीतीपेक्षा मोठी असते, कारण ती कोणाला सांगता येत नाही.

नोकर पुन्हा पुढे झाला. तेव्हा म्हातारा गुडघ्यावर हात रोवून हळूहळू उठला, साडूंच्या समोर येऊन बसला, त्यांच्या हातातला कप त्याने आपल्या हातात घेतला, दोनदा हलवला आणि नोकराकडे दिला.

"खलास," तो म्हणाला. मग जुन्या ओमानी माणसांना येते त्या हिंदीत म्हणाला, "इब्रीवाला मेरे को फोन किया. पूछा, आदमी कैसा है. मैं बोला, बहुत डरता है. इसीलिए मेरा कारखाना में बीस साल कोई मरा नहीं." थोडं थांबून त्याने साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "मेरा लड़का लोग को ये मालूम नहीं. तुम जाओ. यल्ला, चलो."

साडूंनी म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. परतताना गाडी मी चालवली. हमरस्त्यावर आल्यावर ते खिडकीकडे तोंड करून रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना हजार गोष्टींनी घाबरताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी गाडीचा वेग कमी केला, ते सांगत नव्हते तरी.

आता ते इब्रीला असतात, एकटेच. मुक्ताची परीक्षा होईपर्यंत मायलेकी इथेच आहेत. मधला रस्ता डोंगरातला आणि लांबचा, म्हणून ते पंधरा दिवसांनी येतात, उजेडात निघतात आणि उजेडात पोचतात. इतर आठवड्यांत सामना फोनवर पाहतो, ते तिकडे, मी इकडे चौथ्या मजल्यावर. पोहे मी स्वतःच करतो आणि ते बिघडतात.

परवा हंगाम संपला आणि बातमी आली की लाल जर्सीतल्या एका नव्या पोराने, चांगलं अडवणाऱ्या पोराने, टीम सोडली. लांबच्या कुठल्यातरी कॉलेजात गेला. ही बातमी साडूंना कोण सांगणार म्हणून मीच भीतभीत फोन लावून सांगितली. आता अर्धा तास निष्ठेवर ऐकायचं, अशा तयारीने खुर्ची ओढून बसलो. पलीकडे एसीची घरघर ऐकू येत होती.

मग साडूंनी विचारलं, "तिकडे त्याच्या ओळखीचं कोणी आहे का हो?"