घट्ट वेणी

गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत आमच्या समोरच्या खोलीत एक बाई राहते. गल्लीत कुठली मुलगी केस मोकळे सोडून दिसली की ती हातातलं काम टाकून हाक मारते, "ये वं माय, बस इथं." मग वेणी इतकी घट्ट घालते की मुलीचे डोळे ताणले जातात. "मावशी, शाळेत चालले, लढाईला नाही," मुली म्हणतात. ती हसत नाही. गाठ पुन्हा ओढून बघते.

मागच्या वर्षी तिची मुलगी बापाचा डबा घेऊन कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात गेली आणि तिचे केस मशीनच्या पट्ट्यात अडकले. मुलगी वाचली. आता डोक्याला रुमाल बांधून शाळेतही जाते. आई मात्र अजून म्हणते, "ओले होते, म्हणून मीच बांधले नाहीत."

मला कुणाशी बोलायला जमत नाही. पण काल तिच्या स्वतःच्या केसांच्या जटा झालेल्या पाहिल्या आणि मी तेलाची वाटी घेऊन गेले. "ताई, बसा," एवढंच म्हटलं. ती माझ्यापुढे बसली. अर्धे केस विंचरून होईपर्यंत तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकलं. तिला झोप लागली होती.

शाळा सुटली. दोन मुली मोकळ्या केसांनी दारावरून गेल्या. मी तिला उठवलं नाही.